काकींनी काढलेली वेळ

आमच्या चाळीच्या मालकीणबाईंना कुठंही जायचं असलं, तर तिथं माणसं कधी नसतात हे त्या आधी विचारायच्या. बँक असो, दवाखाना असो, नाहीतर लग्न असो. जायचं कुठं, हे सांगायला त्यांना वेळ लागत नसे. जायचं कधी, हे मात्र दोन दोन दिवस ठरत नसे.

आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काकी म्हणत होतो. बोईसरजवळच्या कुंभवलीत कंपन्यांच्या मागच्या अंगाला त्यांची दहा खोल्यांची चाळ होती. आम्ही परभणीकडचे. नवरा सुताच्या कंपनीत होता आणि मी औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जात होते. ती खोली सोडून आता चार वर्षं झाली, पण बोईसरला बाजारात जायचं म्हटलं की अजून माझ्या मनात येतं, काकींनी कुठली वेळ सांगितली असती?

त्या उंच होत्या, हडकुळ्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी समुद्राकाठच्या मुरब्याला दिलेली. मनगटाला घड्याळ नव्हतं आणि घरात एक होतं ते बंद होतं. दिवसभर कोणालाही विचारायच्या, "किती झाले?" मी एकदा म्हटलं, "काकी, एक सेल घालून आणते की." तर म्हणाल्या, "नको. ते मला काटे दाखवणार. विचारलं म्हंजे माणूस कुठून आला, कुठं चालला, तेपण कळते."

गर्दीबद्दल त्या एखाद्या ओळखीच्या बाईबद्दल बोलावं तशा बोलायच्या. "गर्दीला भूक लागते, तिला झोप येते, तिला घरी जाऊन पोरांचं बघायचं असते. आपण तेवा जायाचं." बँकेत जेवणाची सुट्टी संपल्या संपल्या कोणाला जाऊ द्यायच्या नाहीत. "तेवा समदे दारातच उभे असतात. आणि तो साहेब हात पुसत येतो, त्याचं चित्त डब्यात असते. वीस मिनिटांनी जा." डॉक्टरकडं त्या क्रिकेटच्या दिवशी जायच्या. मॅच कोणाची आहे हे त्यांना माहीत नसायचं, पण आहे की नाही हे माहीत असायचं. मासळीला मात्र त्यांची विद्या चालत नसे. मुरब्याला मुलीकडं गेल्या की परत येऊन रागानं सांगायच्या, "तिथं काय ठरवणार? तिथं भरती सांगेल ती वेळ."

लग्नात तर त्यांची कमाल होती. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळा मांडव अक्षता घेऊन उभा राहिला, की काकी मागच्या बाजूनं जाऊन पहिल्या पंगतीला बसायच्या. पंगतीत त्या एकट्याच. एकदा वरच्या आळीतल्या लग्नात आचारी म्हणाला, "काकी, लग्न तर लागू द्या."

"लागेल रं," काकी म्हणाल्या, "माझ्यावाचून अडत नाय त्याचं. तू वरण वाढ, गरम हाय तोवर."

नवऱ्या मुलाच्या आईला हे कळलं. तिनं वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. काकींना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, जेवण तर सगळ्यांना द्यायचंच होतं, एक पान आधी झालं.

कोणाच्या घरी माणूस गेलं तर पहिल्या दिवशी त्या जात नसत. यावरूनही लोक बोलायचे. चौथ्या दिवशी दुपारी जायच्या. तोपर्यंत सोयरेधायरे गेलेले असायचे, शेजारी आपापल्या कामाला लागलेले. घरातली माणसं भिंतीला टेकून बसलेली असायची आणि चूल पेटवायचं कोणाला सुचत नसे. काकी बोलायच्या नाहीत. भात टाकायच्या, भांडी घासायच्या आणि निघायच्या. माझे सासरे गावाकडं वारले तेव्हा आम्ही पंधरा दिवसांनी परत आलो. तो दिवस त्यांनी कुठून काढला कोण जाणे. खोलीचं कुलूप उघडलं तर दारात पाण्याचा हंडा भरून ठेवलेला होता, वर ताट झाकलेलं.

चाळीत दहा खोल्यांना मिळून एक नळ होता. पाणी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास. प्रत्येक खोलीला काकींनी वेळ बांधून दिली होती. आमची सकाळी सहा वीस ते सहा तीस. दुसऱ्याच्या वेळेत कोणी हंडा लावला तर काकी तो पायानं बाजूला सरकवायच्या, मग आतलं पाणी सांडलं तरी चालेल. आमच्याकडं कंपन्यांना रविवारी नाही, शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी सगळे घरी, सगळ्यांचे कपडे धुवायचे, म्हणून नळावर सगळ्यांत जास्त भांडणं शुक्रवारी. शुक्रवारी काकी चाळ सोडून कुठं जात नसत.

नळाच्या वेळा आम्ही राहायला आलो तेव्हा नव्हत्या. तेव्हा नुसती रांग असायची. माझी मुलगी चार वर्षांची होती. एका सकाळी मी आंघोळीचं पाणी स्टोव्हवर ठेवून नळावर गेले. पाच मिनिटांत येईन असं वाटलं. पुढं सात जणी होत्या, त्यात दोघींचं भांडण लागलं. मी रांग सोडली नाही, कारण सोडली असती तर त्या दिवशी पाणी मिळालं नसतं. पोरीनं पातेलं ओढलं. डाव्या कानाखालून मान, खांदा आणि हात कोपरापर्यंत भाजला. दोन महिने दवाखान्यात होतो. परत आलो तेव्हा नळाजवळ काकी उभ्या होत्या आणि वेळा वाटून झाल्या होत्या. त्याबद्दल त्या माझ्याशी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही.

पोर वाचली, हुशार निघाली. हाताचं लांब बाही घातली की झाकलं जात होतं. मानेवरचं झाकलं जात नव्हतं. तिथली कातडी ओढल्यासारखी झाली होती. त्यासाठी ती उन्हाळ्यातसुद्धा गळ्याभोवती ओढणी गुंडाळायची. ही सवय मीच तिला लावली होती. बाहेर निघताना मी आधी ओढणी हातात द्यायचे, मग चप्पल.

ती सातवीत असताना शाळेची सहल हायवेवरच्या पाण्याच्या पार्कात निघाली. मनोरच्या पुढं, घसरगुंड्या असतात, लाटांचा हौद असतो, तसा. सहलीच्या दिवशी सकाळी पोर म्हणाली, पोटात दुखतंय. मी कामावर गेले. दुपारी काकींनी तिला ओट्यावर बसलेली पाहिली. पुढचं मला काकींनीच संध्याकाळी सांगितलं.

"दुखत नाय तिचं काय," काकी म्हणाल्या. "मी इचारलं, पाणी आवडत नाय का गो? तर बोल्ली आवडते. मग का नाय गेलीस? तर बोल्ली, तिथं ओढणी काढाया लावतात."

"तिला नकोच ते," मी म्हटलं. "जाऊ द्या काकी."

"नको कसं? मी तिला इचारलं, मग कधी जाशील? ती बोल्ली, कोणी नसंल तेवा."

पोरीनं हे असंच, बोलणं संपवायला म्हटलं होतं. पण काकींना कोणी असं कधी विचारलं नव्हतं. दवाखाना, बँक ही कामाची ठिकाणं. मजेच्या ठिकाणी माणसं कधी नसतात, हा प्रश्न त्यांना नवा होता. तीन दिवस त्या ज्याला त्याला विचारत सुटल्या. चाळीतल्या पोरांनी सांगितलं, सकाळी दहाला दार उघडतं तेव्हा जा, रिकामं असतं. काकींनी मान हलवली. "समदे हेच बोलतात. म्हंजे समदे दहालाच जात असणार."

सोमवारी सकाळी त्या डबा घेऊन एसटीनं मनोरला गेल्या, तिथून जीपनं पार्कापर्यंत. गेटसमोर हायवेच्या पलीकडं एक झाड होतं आणि त्याखाली चहाची टपरी. तिथं त्या संध्याकाळपर्यंत बसल्या. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच, गुरुवारी तसंच. लिहिता येत नव्हतं म्हणून एका पिशवीत वाल आणि मूग नेले होते. बस आत गेली की एक वाल मांडीवरच्या पदरात, लहान गाडी गेली की एक मूग. गाडी बाहेर आली की दाणा परत पिशवीत. कुठल्याही घडीला पदराकडं बघितलं की आत किती गर्दी आहे ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गेटवरचा वॉचमन रस्ता ओलांडून आला. हिंदी बोलणारा होता. "माताजी, रोज यहाँ क्या देखती हो?"

"तुम्हारा गर्दी कब जाता है, वो देखती."

तो हसला. "खाली पार्क में क्या मजा है माताजी? लोग तो लोग देखकर ही आते हैं."

"हमको मजा नहीं मांगता," काकी म्हणाल्या. "हमको जगा मांगता."

हे सगळं काकी रोज रात्री जेवताना आम्हाला सांगायच्या आणि त्या वॉचमनला अक्कल नाही असं म्हणायच्या. गुरुवारी त्यांनी वेळ जाहीर केली. सकाळी दहापासून शाळांच्या बस येतात. साडेबाराला पदर भरलेला असतो. दीडला पोरं जेवतात, पण जागा सोडत नाहीत. मात्र अंधार पडायच्या आत पोरं घरी पोचवायची असतात, म्हणून साडेतीनपासून बस सुटायला लागतात. चारला पदरात तीन-चार दाणे. सहाला पार्क बंद. "चार ते सहा," काकी म्हणाल्या. "दोन तास राणीसारखी पोहून घे." वाल त्यांनी भिजत घातले आणि दोन दिवसांनी त्यांचं बिरडं करून आम्हाला वाटीभर दिलं. वेळ पक्की झाली होती, आता दाण्यांचं काय काम?

पोरीनं आधी विश्वास ठेवला नाही. मग दोनदा विचारलं, "खरंच कोणी नसतं?" काकी म्हणाल्या, "मी चार दिवस तिथं माशा मारत होते काय?" त्या रात्री पोर आरशासमोर ओढणी काढून उभी होती. मी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. तिनं आशा धरली होती. आता तिथं जाऊन काही बिघडलं, तर ही पोर परत कधी घराबाहेर मान काढणार नाही, हे मला कळत होतं.

मला कामाच्या दिवशी रजा मिळत नव्हती. म्हणून आम्ही माझ्या सुट्टीच्या दिवशी निघालो, पुढच्या शुक्रवारी. नवऱ्याला ओव्हरटाइम होता. काकींनी नळ शेजारणीच्या हवाली केला आणि चाळ सोडली.

चार वाजायला पाच मिनिटं कमी असताना आम्ही गेटवर उतरलो. शाळेची एकही बस नव्हती. दुसऱ्याच सात-आठ बस उभ्या होत्या. त्यातली एक रोज सकाळी आमच्या नाक्यावर थांबते, मला कामावर नेणारी. ड्रायव्हर चाकाजवळ विडी ओढत होता. मला बघून म्हणाला, "अरे, तुमी पण? बसमध्ये का नाय आल्या?"

पिकनिकसाठी कंपनीत नावं घेतली होती, पण मी दिलं नव्हतं आणि कुठं, कधी हेही विचारलं नव्हतं. मला तेव्हा कळलं. काकींनी सोमवार ते गुरुवार मोजला होता. शुक्रवारी त्या चाळ सोडत नव्हत्या, म्हणून शुक्रवार मोजायचा राहिला होता. आणि शुक्रवारी तर सगळं बोईसर रिकामं. सकाळी कपडे धुवायचे, पाणी भरायचं, बाजार करायचा, आणि दुपारी निघायचं. कंपन्यांच्या पिकनिकला दिवस कुठला? शुक्रवार. वेळ कुठली? चार.

काकी बसकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. "चुकले मी," त्या म्हणाल्या. "शुक्रवार इसरले गो."

"परत जाऊ," मी म्हटलं. मला खरं तर पळून जायचं होतं. परकी माणसं एक वेळ परवडली, ही तर रोजची तोंडं.

 पोर गेटमधून आत बघत होती. पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "आलोय तर नुसतं बघून येऊ."

आत पॅकिंगच्या बायका, सुपरवायझर, शिवणकामाच्या कंपनीच्या पोरी, सगळ्या भाड्यानं घेतलेल्या निळ्या नायलॉनच्या कपड्यांत. पोरीनंही ते कपडे घातले, लांब बाहीचे, पण वरून ओढणी गुंडाळून कोपऱ्यातल्या बाकावर बसली. मी तिच्या पुढं अशी बसले की ती दिसू नये. काकींना साडीत पाण्याजवळ जायची मनाई होती, म्हणून त्याही बाकावर. अर्धा तास आम्ही तिघी एसटीची वाट बघत असल्यासारख्या बसून होतो.

काकींनी मात्र बघणं सोडलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तीनदा त्यांनी "किती झाले?" विचारलं. मग एकदम भोंगा वाजला. लाटांच्या हौदात लाटा सुरू व्हायच्या आधी तो वाजतो. सगळी माणसं ओरडत तिकडं धावली. दहा मिनिटं बाकीचा पार्क ओस. लाटा थांबल्या की माणसं परत आली. काकींनी माझ्या मांडीवर थाप मारली.

"कंपनीची माणसं गो! भोंगा झाला की निघाली. आता पुढचा भोंगा झाला की त्या छत्रीच्या हौदात उतर पोरी. दहा मिनिटं तुजी. मी हाक मारली की बाहेर."

तसंच झालं. भोंगा झाला, छत्रीचा हौद रिकामा झाला. पोरीनं चारी बाजूंना बघितलं, ओढणी माझ्या हातात दिली आणि उतरली. छत्रीवरून पडणाऱ्या पाण्याखाली मान वर करून उभी राहिली. एवढी मोठी झाल्यावर तिची मान मी उजेडात अशी बघितली नव्हती. काकींनी वेळेवर हाक मारली, पोर वेळेवर बाहेर आली, काकडत ओढणीत बसली.

तिसऱ्यांदा भोंगा झाला तेव्हा सव्वापाच वाजले होते. पोर परत उतरली. दहा मिनिटं संपली. काकींनी हाक मारली, "ये गो, आले समदे!"

पोर आली नाही. ऐकू गेलं नाही असं वाटून काकी उठून काठापर्यंत गेल्या आणि ओरडल्या. पोरीनं आमच्याकडं पाठ केली.

माणसं परत आली. आमच्या पॅकिंगमधली एक जाडजूड बाई होती, लाइनीवर सगळ्यांत मोठ्यानं हसणारी. ती त्याच हौदात उतरणाऱ्या छोट्या घसरगुंडीवरून आली ती सरळ माझ्या पोरीवर आदळली. दोघी पाण्याखाली गेल्या आणि वर आल्या. बाईनं तोंडावरचं पाणी पुसलं आणि तिची नजर पोरीच्या मानेवर गेली. ती नजर मला ओळखीची होती. मी बाकावरून उठले.

"सरक की गं लवकर!" बाई पोरीला म्हणाली. "मागून अजून चौघी येतायत. त्या माझ्याहून जाड आहेत!"

पोर सरकली. दुसरी आली, तिसरी आली. पोर हसत होती. मान, कान, सगळं उघडं.

काकी माझ्याकडं आल्या. "हाक मार तिला. माझं ऐकत नाय ती. तू आय हाय तिची, तुझं ऐकंल."

माझ्या हातात ओढणी होती. हाक मारली असती तर पोर आली असती. ती माझं ऐकत होती, आठ वर्षं ऐकत आली होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"राहू द्या काकी," मी म्हटलं.

"अगो, गर्दी हाय तिथं!"

"हो. आहे."

 काकी बाकावर जाऊन बसल्या. परत त्यांनी कोणाला वेळ विचारली नाही.

सहा वाजता सगळ्यांना बाहेर काढलं. काकींच्या रिवाजाप्रमाणं आम्ही अर्धा तास थांबून गर्दी पांगल्यावर निघायला हवं होतं. पण त्या जाड बाईनं पोरीचा हात सोडला नाही आणि आम्हाला बसमध्ये चढवलं. बसायला जागा काकींनाच मिळाली, बाकी आम्ही उभ्या. पोर मधल्या वाटेत बायकांमध्ये दाटीवाटीनं उभी होती, ओठ निळे, केसांतून पाणी ठिबकत. एकीनं विचारलं, गळ्याला काय झालं गं? पोर म्हणाली, "लहानपणी गरम पाणी पडलं." ती म्हणाली, "माझ्या पायावर तेल पडलंय, दाखवू?" आणि सलवार वर करून दाखवली. मग तिसरीच कुणी कंपनीतल्या मशीननं कापलेलं बोट दाखवायला लागली.

चिल्हारच्या फाट्यावर काकी आपल्या जागेवरूनच मोठ्यानं म्हणाल्या, "पोरी, पुढच्या खेपेला मी नीट बघून सांगते. बुधवार चांगला हाय. बुधवारी कोणी नसते."

"नको काकी," पोर म्हणाली. "शुक्रवारीच येऊ."

बायका हसल्या. काकी हसल्या नाहीत. "मला चार दिवस त्या झाडाखाली बसवलं," त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, "आणि आता बघा, शुक्रवार." हे त्यांनी कुंभवलीचा फाटा येईपर्यंत तिला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा सांगताना पदरानं डोळे पुसले आणि खिडकीतून धूळ येते म्हणून ड्रायव्हरवर ओरडल्या.